माझदा एमएक्स-५ची देखभाल व सुधारणा

माझदा एमएक्स-५ ही जपानच्या माझदा कंपनीची दोन आसनी, घडीच्या छताची स्पोर्ट्स कार आहे. उत्तर अमेरिकेत ती मियाता या नावाने, तर जपानमध्ये सुरुवातीस युनोस रोडस्टर या नावाने विकली गेली. १९८९ ते १९९७ या काळात तयार झालेली पहिली पिढी 'एनए' या संकेतनामाने ओळखली जाते आणि प्रस्तुत लेख मुख्यतः तिच्याविषयी आहे. या पिढीच्या चार लाखांहून अधिक गाड्या बनल्या. आज त्या सर्वच जुन्या झाल्या असल्या तरी वापरलेली गाडी घेऊन स्वतःच्या हाताने तिची निगा राखू पाहणाऱ्या नवख्या मालकांमध्ये ही गाडी अजूनही लोकप्रिय आहे. साधे इंजिन, मोकळी रचना आणि सुट्या भागांची उपलब्धता ही त्याची कारणे होत. मात्र या गाडीचे आयुष्य बहुतेकदा इंजिनावर नव्हे, तर छतावरून वाहणारे पाणी कोठे जाते यावर ठरते.

पार्श्वभूमी

१९५० व १९६० च्या दशकांत ब्रिटिश कंपन्यांनी लहान, हलक्या, उघड्या मोटारी मोठ्या संख्येने बनवल्या. पुढे तो प्रकार जवळजवळ नाहीसा झाला. अमेरिकन मोटार-पत्रकार बॉब हॉल यांनी १९७९ मध्ये माझदाचे केनिची यामामोतो यांच्याकडे अशा गाडीची कल्पना मांडली. हॉल पुढे माझदाच्याच सेवेत गेले. प्रकल्पाचे प्रमुख तोशिहिको हिराई होते. घोडा आणि स्वार एकरूप होणे, या अर्थाचा 'जिन्बा इत्ताई' हा जपानी वाक्प्रचार त्यांनी गाडीचे सूत्र म्हणून स्वीकारला. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात गाडी प्रथम लोकांसमोर आली. सर्वाधिक विकली गेलेली दोन आसनी स्पोर्ट्स कार म्हणून २००० साली गिनेस बुकाने तिची नोंद घेतली. दहा लाखावी एमएक्स-५ एप्रिल २०१६ मध्ये तयार झाली.

माझदा हे नाव संस्थापक जुजिरो मात्सुदा यांच्या आडनावाशी जुळणारे असले, तरी कंपनीच्या सांगण्यानुसार ते पारशी धर्मातील अहुर मझ्द या देवतेवरूनही घेतलेले आहे.

रचना

इंजिन पुढे आणि चालना मागील चाकांना, अशी गाडीची मांडणी आहे. सुरुवातीच्या गाड्यांत १.६ लिटरचे, सुमारे ११५ अश्वशक्तीचे चार सिलिंडरांचे इंजिन होते. १९९३ नंतर १.८ लिटरचे इंजिन आले. वजन साधारण ९५० किलोच्या आसपास आहे. चारही चाकांना दुहेरी विशबोन सस्पेन्शन असून गिअरबॉक्स व मागील डिफरन्शियल यांना जोडणारी अ‍ॅल्युमिनियमची एक लांब चौकट गाडीखाली बसवलेली असते. देखभालीच्या दृष्टीने ही चौकट लक्षात ठेवावी लागते, कारण तिच्याखाली जॅक लावल्यास ती वाकते. गाडी उचलण्यासाठी पुढील आडव्या तुळईचा मध्य, मागील डिफरन्शियलचे कवच आणि दारांखालच्या पत्र्याच्या कडेवरील नेमून दिलेल्या जागा वापरतात. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली शिरणे जिवावर बेतू शकते. त्यासाठी पक्के स्टँड लावणे आवश्यक असते.

छत, पाणी आणि गंज

छताच्या कडेवरून ओघळणारे पाणी आसनांच्या मागे असलेल्या एका पन्हळीत जमा होते. तेथून ते दोन्ही कोपऱ्यांतील निचरा-नळ्यांवाटे मागील चाकांच्या थोडे पुढे, गाडीच्या खाली पडते. या नळ्यांची तोंडे छताच्या घडीखाली दडलेली असल्याने सहसा कोणाच्या नजरेस पडत नाहीत. पाने, धूळ आणि छताचे सुटलेले धागे साचून त्या तुंबतात. मग पाणी दोन वाटांनी जाते. काही आसनांमागच्या गालिच्यात मुरते, तर काही दारांखालच्या पोकळ पेटीत, म्हणजे सिलमध्ये, उतरते. पत्रा आतून कुजू लागतो. बाहेरून मागील चाकाच्या कमानीपुढे रंगाला फोड आलेला दिसतो, तेव्हा आतील थर बहुधा आधीच गेलेला असतो.

सिल हा या गाडीत केवळ बाह्य पत्रा नाही. डोक्यावर पोलादी छप्पर नसल्याने गाडीचा ताण पेलण्याचे काम मोठ्या प्रमाणात सिलवरच येते. हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकल्या जाणाऱ्या ब्रिटनसारख्या देशांत हा प्रश्न अधिक तीव्र आहे. तेथील एमओटी या वार्षिक तपासणीत सीटबेल्ट किंवा सस्पेन्शनच्या जोडाजवळचा कुजलेला पत्रा गाडी नापास होण्यास पुरेसा ठरतो. कुजका भाग कापून नवा पत्रा जोडण्याचा खर्च कित्येकदा गाडीच्या किमतीच्या बरोबरीस जातो. वरून पुटी आणि रंग लावून झाकलेला सिल हा वापरलेली गाडी घेणाऱ्याची सर्वांत महागडी फसगत होय. म्हणून गाडी पाहताना इंजिन सुरू करण्याआधी आसनांमागचा गालिचा हाताने दाबून पाहणे शहाणपणाचे असते.

निचरा तपासणे सोपे आहे. दोन्ही कोपऱ्यांत पेलाभर पाणी हळूहळू ओतले असता ते लगेच गाडीखाली पडले पाहिजे. तसे न झाल्यास गवत कापण्याच्या यंत्रातील नायलॉनच्या दोरीसारखी लवचीक, बोथट वस्तू नळीतून हलकेच फिरवतात. दाबाची हवा मारणे टाळावे लागते, कारण त्यामुळे नळी सांध्यातून निखळू शकते. तसे झाले तर पाणी थेट पोकळीत जाते आणि नळ्या मोकळ्या असल्याचा केवळ भास उरतो. पानगळीनंतर आणि पावसाळ्याच्या तोंडावर ही तपासणी केली जाते.

या पिढीतील छत व्हायनिलचे असून मागील खिडकी पारदर्शक प्लॅस्टिकची आहे. छत खाली घेण्यापूर्वी खिडकीची चेन उघडून ती सपाट पाडणे अपेक्षित असते, अन्यथा प्लॅस्टिकवर कायमची घडी उमटते आणि पुढे तेथेच चीर जाते. थंडीत प्लॅस्टिक ठिसूळ होत असल्याने छत उघडणे टाळतात. ओले छत घडी करून ठेवल्यास बुरशी धरते. खिडकी कोरड्या फडक्याने पुसल्यास तिच्यावर बारीक ओरखडे पडतात. आधी भरपूर पाण्याने धूळ धुऊन मगच मऊ कापड वापरावे लागते. १९९८ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीत काचेची खिडकी देण्यात आली. तशी खिडकी असलेले छत पहिल्या पिढीलाही बसते व ही सुधारणा बरीच प्रचलित आहे.

पाण्याशी निगडित आणखी एक भाग म्हणजे बॅटरी. ती बॉनेटखाली नसून डिकीत असते. कारखान्यातून येणारी बॅटरी बंद प्रकारची होती आणि तिचा वायू लहान नळ्यांवाटे बाहेर सोडलेला असे. स्वस्त म्हणून साधी अ‍ॅसिडची बॅटरी बसवल्यास तिची वाफ डिकीतच कोंडते, पत्रा खाते आणि हायड्रोजन साचण्याचा धोकाही संभवतो.

इंजिनाची नियमित देखभाल

१.६ लिटरचे इंजिन माझदाच्या ३२३ या कौटुंबिक गाडीतील इंजिनावरून घडवलेले असून योग्य निगा राखल्यास ते दीर्घकाळ टिकते. इंजिन ऑइल बदलणे हे नवखा मालक सहसा प्रथम शिकतो ते काम. ऑइल फिल्टर इनटेक मॅनिफोल्डच्या खाली अडचणीच्या जागी असल्याने पहिल्या खेपेस तासभर झटापट होते; पुढे हाताला वळण लागते. थंड इंजिन सुरू केल्यावर वरच्या भागातून येणारी टिक-टिक अनेकांना घाबरवते. ती व्हॉल्व्हच्या हायड्रॉलिक लिफ्टरची असते, आणि ताजे ऑइल घातल्यावर व गाडी नियमित चालवल्यावर बहुधा कमी होते.

टायमिंग बेल्ट सुमारे १ लाख किमीला बदलावा लागतो. त्याच वेळी पाण्याचा पंप व पुढील ऑइल सील बदलणे किफायतशीर ठरते, कारण त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठी तेच सगळे पुन्हा खोलावे लागते. पट्टा तुटला तरी या इंजिनात पिस्टन व व्हॉल्व्ह एकमेकांवर आदळत नाहीत. गाडी मात्र जागीच बंद पडते. सुरुवातीच्या, साधारण १९९१ च्या मध्यापर्यंतच्या इंजिनांत क्रँकशाफ्टचे पुढील टोक आखूड होते. पुली काढल्यावर तेथील मुख्य बोल्ट योग्य जोराने न आवळल्यास चावीची खाच झिजते, पुली डगमगते आणि इंजिनाची शक्ती हळूहळू घटते. अशा इंजिनाच्या पुलीच्या मध्यभागी चार खाचा दिसतात, तर नंतरच्या मजबूत प्रकारात आठ. बेल्टचे काम कोणालाही सोपवण्यापूर्वी ही गोष्ट माहीत असणे उपयोगी पडते.

रेडिएटरच्या वरच्या प्लॅस्टिकच्या टाकीचा रंगही बोलका असतो. मुळात ती काळी असते. उष्णतेने जुनी होत गेली की ती हिरवट-तपकिरी पडते आणि ठिसूळ होते. त्या अवस्थेत ती केव्हाही तडकू शकते. सिलिंडर हेड अ‍ॅल्युमिनियमचे असल्यामुळे एकदा जरी इंजिन बेसुमार तापले तरी नुकसान मोठे होते. म्हणून रंग बदललेला रेडिएटर फुटण्याची वाट न पाहता बदलतात.

हेडच्या मागील बाजूस कॅम अँगल सेन्सर बसवलेला असतो. त्याची रबरी गोल रिंग कडक झाली की तेल पाझरून इंजिनाच्या मागच्या अंगाने क्लचच्या कवचापर्यंत उतरते. खालून पाहणाऱ्यास हे मागील मुख्य सीलचे गळतीचे लक्षण वाटते. ते सील बदलण्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, तर ही रिंग किरकोळ किमतीची असून काही मिनिटांत बदलता येते. सेन्सर काढण्यापूर्वी त्याच्या मूळ जागेची खूण करून ठेवणे आवश्यक असते, कारण तो फिरला तर इग्निशनचा टायमिंग बदलतो. चढावर किंवा जोर देताना इंजिन अडखळत असल्यास इग्निशन कॉइलपासून प्लगपर्यंत जाणाऱ्या वायरी प्रथम तपासतात. त्या या गाडीत वापराने झिजणारा भागच मानल्या जातात.

क्लच, गिअर व ब्रेक

पहिला गिअर किंवा रिव्हर्स पडताना खरखर होऊ लागली तर दोष बहुधा क्लच प्लेटमध्ये नसून खालच्या लहान हायड्रॉलिक सिलिंडरमध्ये असतो. त्याचे रबरी टोपण सरकवून आत द्रव साचला आहे का, हे पाहिले की निदान होते. गिअरच्या दांड्याखालील रबरी आवरण फाटल्यास गिअरबॉक्सची उष्णता व आवाज थेट गाडीत येतो. ते बदलताना दांड्याच्या बैठकीतील थोडेसे तेलही नवे घालतात. मागील ब्रेकच्या कॅलिपरची सरकणारी पिन अडकणे हाही नेहमीचा दोष आहे. ब्रेक ऑइल ओलावा शोषून घेत असल्याने साधारण दर दोन वर्षांनी बदलले जाते.

सुधारणा

नव्या मालकाचा पहिला ओढा दिखाऊ भागांकडे असतो. जाणकारांचा क्रम वेगळा असतो: गाडी आधी मूळ स्थितीत आणावी, मग सुधारणा कराव्यात. झिजलेल्या रबरी बुशवर महागडे शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवण्यात फारसा अर्थ नसतो. सर्वांत जाणवणारा फरक चांगल्या टायरांनी आणि चारही चाकांच्या अलाइनमेंटने पडतो. चारही कोपऱ्यांत कोन बदलण्याची सोय असल्यामुळे केवळ अलाइनमेंटनेही गाडीचा स्वभाव पालटतो. टायरमधील हवेचा कंपनीने दिलेला दाब २६ पीएसआय इतका कमी आहे. पेट्रोल पंपावर सवयीने अधिक हवा भरल्यास एवढी हलकी गाडी उसळू लागते. मूळ १४ इंची चाकांऐवजी १५ इंची चाके बसवणे सर्रास आढळते, पण ती मूळ चाकांपेक्षा जड असतील तर फायदा उरत नाही.

गाडी खाली बसवणाऱ्या आखूड स्प्रिंग लोकप्रिय असल्या तरी या पिढीच्या सस्पेन्शनला हालचालीस जागा मुळातच कमी आहे. गाडी फार खाली घेतल्यास प्रत्येक खड्ड्यात ती रबरी थांब्यावर आदळते आणि वळणावरची पकडही सुटते. उघड्या एअर फिल्टरने आवाज वाढतो. शक्तीतली वाढ मात्र नगण्य असते. त्याउलट जवळजवळ बिनखर्चाची सुधारणा म्हणजे इग्निशनचा मूळ टायमिंग १० अंशांवरून १४ अंशांपर्यंत पुढे नेणे. त्यासाठी निदान-पेटीतील दोन टोके तारेने जोडून, टायमिंग लाइटच्या प्रकाशात कॅम अँगल सेन्सर किंचित फिरवतात. यानंतर अधिक ऑक्टेनचे पेट्रोल वापरणे आवश्यक असते आणि इंजिनातून ठोके ऐकू आल्यास टायमिंग मागे घ्यावा लागतो.

उघड्या गाडीचा सांगाडा खराब रस्त्यावर थरथरतो. गाडीखालच्या लांब पट्ट्यांना जोडणाऱ्या पोलादी मजबुतीकरणाने ही थरथर कमी होते, परंतु सिल कुजलेला असल्यास असे मजबुतीकरण त्याची जागा घेऊ शकत नाही.

गाडी उलटल्यास डोके वाचवणारा रोल बार मूळ गाडीत नाही. बाजारात मिळणाऱ्या चकचकीत नळ्यांपैकी अनेक केवळ शोभेच्या असतात; खरा रोल बार गाडीच्या सांगाड्याला पोलादी पट्ट्यांसह बोल्टने जखडलेला असतो आणि त्याची उंची चालकाच्या डोक्यापेक्षा अधिक असावी लागते. डोके आपटू शकेल अशा ठिकाणी त्यावर दाट फोमचे आवरण घालतात, कारण हेल्मेट नसलेल्या चालकासाठी उघडा पोलादी नळ स्वतःच इजेचे कारण ठरतो. रोल बार बसवताना छताच्या घडीला अडथळा होत नाही ना आणि निचरा-नळ्या चेपल्या जात नाहीत ना, हे तपासले जाते.

सुटे भाग

माझदाने २०१७ मध्ये जपानमध्ये पहिल्या पिढीच्या गाड्यांसाठी पुनरुज्जीवन सेवा जाहीर केली आणि बंद झालेले काही भाग पुन्हा बनवण्यास घेतले. त्यांत मूळ रचनेचे छत, नार्दीचे लाकडी स्टिअरिंग व्हील आणि ब्रिजस्टोनचे मूळ मापाचे १४ इंची टायर यांचा समावेश होता.