बाह्यरेखा (अंकीय चित्र)

बाह्यरेखा म्हणजे संगणकावर काढलेल्या आकृतीच्या कडेने फिरणारी सलग रेघ. संपूर्ण चित्राभोवतीच्या चौकटीलाही सैलपणे ‘बॉर्डर’ म्हटले जाते. मात्र बाह्यरेखा आकृतीबरोबर वळते, तर चौकट चित्रपटाच्या कडांना धरून राहते. आकृती पार्श्वभूमीपासून उठून दिसावी किंवा स्टिकर कापताना कडेला जागा राहावी, यासाठी बाह्यरेखा देतात.

पद्धती

इंकस्केपसारख्या व्हेक्टर प्रणालीत रेघ आकृतीच्या मूळ कडेवर मधोमध बसते; तिची अर्धी जाडी आत व अर्धी बाहेर जाते. त्यामुळे जाड रेघेखाली नाजूक भाग झाकले जातात. आधी रेघ व तिच्यावर भराव असा क्रम निवडल्यास केवळ बाहेरचा अर्धा भाग दिसतो. अर्थात तेव्हा रेघेची जाडी दुप्पट धरावी लागते. गिंपसारख्या पिक्सेलवर आधारित प्रणालीत आकृतीची निवड काही पिक्सेलने वाढवून ती खालच्या स्वतंत्र थरावर रंगाने भरतात. मूळ चित्र अबाधित राहत असल्याने ही पद्धत अधिक सोयीची ठरते. आकृती चित्रपटाच्या कडेला टेकलेली असल्यास बाह्यरेखा तेथे तुटते, म्हणून चित्रपट आधी मोठा करावा लागतो.

एसव्हीजी प्रकारात टोकदार जोडाला मर्यादा असते. तिचे मूळ मूल्य ४ असून, त्यानुसार सुमारे २९ अंशांहून लहान कोनावर रेघेचे टोक छाटले जाते.

वारली चित्रे

वसई-विरार ज्या पालघर जिल्ह्यात आहे, त्या जिल्ह्याची ओळख असलेल्या वारली चित्रकलेत बाह्यरेखा हा विशेष अडचणीचा विषय आहे. येथील मानवाकृती टोकाला टोक लावलेल्या दोन भरीव त्रिकोणांची असते. तिला वेगळी बाह्यरेखा नसते. जाड बाह्यरेखा दिली की कमरेचा बिंदू फुगतो, काडीसारखे हातपाय जाडावतात आणि आकृतीतील हालचाल हरवते.

चौकट मात्र या परंपरेत आहेच. लग्नप्रसंगी सुवासिनी तांदळाच्या पिठाने भिंतीवर लग्नचौक काढतात. त्यात पालघाट देवीचे स्थान असते. म्हणजे हा चौक देवतेची जागा आखतो, तो केवळ कडेची नक्षी नव्हे. जिव्या सोमा मशे (पद्मश्री, २०११) यांनी १९७० च्या दशकापासून ही कला कागद व कापडावर आणली. आता संगणकावर तयार चौकट म्हणून हाच चौक रिकामा वापरला जातो, तेव्हा त्याचा मूळ संदर्भ सुटतो.

पांढऱ्या कागदावर पांढरी आकृती दिसत नाही म्हणून तिला बाह्यरेखा देण्याऐवजी पार्श्वभूमी गेरूच्या रंगाची ठेवणे किंवा आकृतीच गडद रंगात भरणे या शैलीला अधिक मानवते.