आर्यभटाची नाव कुठल्या दिशेला चालली होती?

कुर्ल्याला थांबलेल्या लोकलमध्ये खिडकीशी बसलेल्या माणसाला वाटतं, निघाली एकदाची. शेजारच्या गाडीचा शेवटचा डबा सरकून जातो, पलीकडचा वडापावचा स्टॉल होता तिथेच दिसतो आणि कळतं, गेली ती बाजूची गाडी. सापेक्ष गतीचा धडा शिकवायला शिक्षकांना हा अनुभव आयताच मिळतो. आइन्स्टाइनने आगगाडी वापरली, त्याआधी गॅलिलिओने जहाज. या वाहनांच्या कुळात त्याहून जुनी एक होडी आहे आणि तिच्या शेजारी बसलेला एक शब्द आज सकाळच्या योगवर्गात रोज ऐकू येतो: अनुलोम.

होडी ‘आर्यभटीया’तली. ग्रंथ इसवी सन 499च्या सुमाराचा, लिहिणारा तेव्हा 23 वर्षांचा. गोलपाद या प्रकरणात आर्यभट म्हणतो की नावेत बसून अनुलोम जाणाऱ्याला काठावरच्या स्थिर वस्तू विलोम जाताना दिसतात. तसे लंकेवरून, म्हणजे विषुववृत्तावरून, स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात.

‘लोम’ म्हणजे केस. गाईच्या पाठीवरून मानेकडून शेपटीकडे हात फिरवला तर अनुलोम. उलटा फिरवला की केस उभे राहतात, गाय कातडी थरथरवते, ते विलोम. बहुतेक अनुवादक इथे ‘अनुलोम’चा अर्थ नुसता ‘पुढे’ असा घेतात. अर्थ चूक नाही, पण जरा कोरडा आहे. केसांच्या कलाने तसं पाण्याच्या कलाने, असं वाचलं तर ही नाव प्रवाहाबरोबर चालली आहे. आर्यभट ज्या कुसुमपुराचं नाव घेतो ते पाटणा मानलं जातं, आणि तिथे गंगा पूर्वेकडे वाहते. पृथ्वीही पूर्वेकडेच फिरते. शिवाय प्रवाहावर सोडलेल्या नावेला वल्ह्याचे हिसके बसत नाहीत, म्हणून तर आतल्याला आपण स्थिर आहोत असं वाटतं.

आता याच्या विरोधात. नाव प्रवाहाविरुद्ध वल्हवली तरी काठावरची झाडं मागेच जातात. उपमा तेवढीच चालते. मग नदी कुठली, हाही वाद आहे. भाष्यकार पहिला भास्कर आर्यभटाच्या ग्रंथाला ‘आश्मकतंत्र’ म्हणतो, आणि अश्मक देश गोदावरीच्या काठचा. मराठी वाचकाला ही नाव गोदेवर आणायचा मोह होणारच. गंमत अशी की गोदावरीही पूर्वेकडेच वाहते, त्यामुळे दिशेवरून गाव ठरत नाही, प्रवाहाचा अर्थ मात्र दोन्हीकडे टिकतो. तरीही कौल ‘पुढे’कडे न देता पाण्याकडे द्यावासा वाटतो.

योगवर्गातला दुसरा शब्दही याच ग्रंथात आहे: प्राण. इथे तो काळाचं माप आहे, दहा गुरू अक्षरं म्हणायला लागतो तेवढा वेळ, म्हणजे 4 सेकंद. दिवसाचे प्राण 21,600 आणि वर्तुळाच्या कलाही (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) 21,600. म्हणून आर्यभट सांगतो की एका प्राणात पृथ्वी एक कला फिरते. विषुववृत्तावरची एक कला म्हणजे सुमारे 1.85 किलोमीटर, खलाशांचा एक सागरी मैल. विषुववृत्तावरचा माणूस दर श्वासाला एक सागरी मैल पुढे जातो, मुंबईकर ताशी साधारण 1,580 किलोमीटरने. होडी बाकी फार वेगवान निघाली.

हे मान्य कोण करणार? वराहमिहिराने विचारलं की पृथ्वी फिरत असती तर आकाशात गेलेले ससाणे घरट्याकडे परत कसे आले असते? ढग मागे पडतील हा टॉलेमीचा आक्षेपही याच जातीचा. नावेच्या उपमेत याचं उत्तर नाही. नावेतला माणूस बाहेर बघतो; गॅलिलिओने 1632मध्ये त्याला जहाजाच्या तळघरात कोंडला, भोवती फुलपाखरं सोडली, भांड्यात मासे ठेवले, बाटलीतून थेंब पडू दिले. जहाज एकसारख्या वेगाने चाललं तर आतल्या कशावरूनही गती कळत नाही. ससाण्याची अडचण तिथे सुटली, कारण हवा आणि पाखरू दोघंही जहाजाचेच प्रवासी. 1640मध्ये गासेंदीने मार्सेयला चालत्या जहाजाच्या डोलकाठीवरून दगड टाकून ते पायथ्याशीच पडतात हे दाखवलं, आणि 1885मध्ये लुडविग लांगेने एकसारख्या वेगाच्या अशा चौकटीला ‘जडत्वीय चौकट’ हे नाव दिलं. पुढचं सगळं शाळेच्या पुस्तकात आहे.

इकडे वाद एका अक्षराचा झाला. ‘एका प्राणात एक कला फिरते’ या वाक्यातला कर्ता मुळात ‘भूः’ होता, पृथ्वी. पुढच्या टीकाकारांच्या पाठात तिथे ‘भं’ आलं, म्हणजे तारकामंडळ. दोन्ही गुरू, वृत्ताला धक्का नाही. पृथ्वी थांबली, आकाश फिरू लागलं आणि कुणाला काही कळलंही नसतं. शिवाय नावेच्या श्लोकाला लागूनच पुढच्या श्लोकात प्रवह वायूने आकाश फिरवलं जातं असं आर्यभटच म्हणतो. टीकाकारांना तेवढा आधार पुरला.

पाठ बदलला तरी एक आकडा मात्र तसाच राहिला. ग्रंथाच्या सुरुवातीलाच 43,20,000 वर्षांच्या युगात पृथ्वीचे पूर्वेकडे 1,58,22,37,500 फेरे दिले आहेत, तेही अक्षरांच्या संकेतात. भागाकार केला की वर्षाला 366.2587 फेरे येतात. सूर्याच्या हिशोबाने तेच दिवस 365.2587. चौकट बदलली की एक फेरा कमी, हे आर्यभटाला पक्कं ठाऊक होतं.

आणि ‘भूः’? ती वाचली ब्रह्मगुप्तामुळे. 628मध्ये, वयाच्या तिशीत, त्याने आर्यभटाची खिल्ली उडवायला तेच वाक्य उचललं: पृथ्वी एका प्राणात एक कला जाते तर ती कुठून कुठे जाते, कुठल्या वाटेने? खिल्ली उडवण्यासाठी त्याला मूळ शब्द जसाच्या तसा ठेवावा लागला.