हिरडीखालची शर्यत

बोट कापले तर जखम भरते, हाड मोडले तर सांधते, असे आपण मुलांना शिकवतो. मग पायोरियाने दाताभोवतीचे झिजलेले हाड पुन्हा का वाढत नाही? हा प्रश्न एखाद्या चौकस मुलाने वर्गात विचारावा असाच आहे. दंतवैद्यांनाही तो कित्येक वर्षे सुटत नव्हता.

आधी दाताची बैठक पाहू. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मुळावर सिमेंटम नावाचा कठीण थर असतो. एक टोक या थरात आणि दुसरे जबड्याच्या हाडात रुतलेले असंख्य तंतू दाताला धरून ठेवतात. तंतूंच्या या पातळ थराला आपण परिदंत बंध म्हणू. दातावर जिवाणूंचा थर साचून हिरडी सुजत राहिली, की पुष्कळांच्या बाबतीत हे तंतू तुटतात, हाड झिजते आणि हिरडी व मूळ यांच्यामध्ये खोल पोकळी तयार होते. पुढे दात हलू लागतो.

शस्त्रक्रिया करून ही पोकळी साफ केली, की हिरडी घट्ट होई. कधी क्ष-किरण चित्रात हाडही भरलेले दिसे. पण १९७६ मध्ये केटन आणि झांडर यांनी माकडाच्या दाताचे काप सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा वेगळेच दिसले. हाड भरले होते, पण हाड आणि मूळ यांच्यामध्ये अभिस्तर पेशींचा पदर शिरला होता. तुटलेले तंतू मुळाला पुन्हा जोडले गेलेच नव्हते!

असे का व्हावे? त्याच वर्षी मेल्चर यांनी एक विचार मांडला. मुळाच्या उघड्या पृष्ठभागावर कोणत्या पेशी वस्ती करतात, त्यावर जखम कशी भरेल हे ठरते. इथे दावेदार चार: हिरडीचा अभिस्तर, हिरडीची संयोजी ऊती, हाड आणि परिदंत बंध. पैकी अभिस्तर सर्वांत वेगाने पसरतो. म्हणजे शरीरात क्षमता नसते असे नाही. योग्य पेशी शर्यतीत मागे पडतात.

स्वीडनमधील गोथेनबर्गच्या नीमन, कॅरिंग, लिंडे प्रभृती संशोधकांनी हा विचार तपासला. प्राण्यांवरील प्रयोगांत दाताचे रोगट मूळ हाडाला किंवा हिरडीच्या संयोजी ऊतीला भिडवून ठेवले, तर ते कुरतडले जाई. हाड तर थेट मुळाला चिकटूनही बसे. नवे तंतू उगवले ते फक्त परिदंत बंध शिल्लक होता तिथून. मग अभिस्तराला आणि हिरडीला अडवून धरले तर?

१९८२ मध्ये त्यांनी माणसाच्या, रोगाने बराच पोखरलेल्या एका खालच्या पटाशीच्या दातावर हे करून पाहिले. अडसर म्हणून वापरला तो प्रयोगशाळेत द्रव गाळण्यासाठी असतो तसला मिलिपोअर गाळणपापुद्रा. तीन महिन्यांनी तो दात भोवतालच्या ऊतींसह काढून तपासला. मुळावर नवे सिमेंटम तयार झाले होते आणि त्यात तंतू रुतले होते. पुरावा एकाच दाताचा, पण दिशा मिळाली.

१९८६ मध्ये गॉटलो आणि सहकाऱ्यांनी ताणून सच्छिद्र केलेल्या टेफ्लॉनचे पडदे वापरून आणखी रुग्णांचे अनुभव प्रसिद्ध केले. टेफ्लॉन शरीरात विरत नाही, म्हणून पडदा काढण्यासाठी दुसरी शस्त्रक्रिया करावी लागे. त्यामुळे पुढे कोलॅजेनचे आणि पॉलिलॅक्टिक आम्लाचे आपोआप विरणारे पडदे आले. १९९७ मध्ये डुकराच्या वाढत्या दातांतील दंतवल्काच्या प्रथिनांचा वापर पुढे आला. त्यात पडद्याची गरजच नव्हती.

या उपचाराला मर्यादाही आहेत. खोल, अरुंद खड्ड्यात तो चांगला साधतो. हाड सगळीकडे सारखे खाली गेले असेल, तर फारसा नाही. धूम्रपान करणाऱ्यांत यश कमी मिळते आणि दात रोज स्वच्छ ठेवले नाहीत, तर मिळवलेलेही जाते.

वर्गात हा इतिहास सांगताना पडदा काय करतो, असे मुलांना जरूर विचारावे. ‘तो हाड वाढवतो’ असे उत्तर बहुधा येईल. पण पडदा हाड वाढवत नाही. वेगवान पेशींना तो काही आठवडे दाराबाहेर थोपवतो, एवढेच. उरलेले काम संथ पेशी स्वतःच करतात.