मोगरी ते इस्त्री

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात परिटांसाठी काही नियम घालून दिले आहेत. कपडे लाकडी फळीवर किंवा गुळगुळीत दगडावरच धुवावेत. गिऱ्हाइकाचे वस्त्र विकले, भाड्याने दिले किंवा गहाण टाकले तर बारा पण दंड. परिटाने स्वतः मुद्गराची खूण असलेलेच वस्त्र नेसावे, नाहीतर तीन पण दंड. दुसऱ्याचा कपडा अंगावर घालून कोणी हिंडू नये, हा त्यातला हेतू. पण खूण म्हणून मुद्गरच का? मुद्गर म्हणजे लाकडी मोगर. ही खूण कपडे कुटण्याच्या मोगरीवरूनच घेतली असावी, असे मला वाटते. आज या धंद्याची पाटी रंगवायची झाली तर रंगारी न विचारता इस्त्रीचे चित्र काढील. मोगरीची जागा इस्त्रीने कशी घेतली, ही गोष्ट मोठी आहे आणि ती सांगण्यासारखी आहे.

आधी सुरकुतीचे बघू. सुती धागा म्हणजे सेल्युलोजच्या लांबलचक साखळ्या. हायड्रोजनच्या नाजूक बंधांनी त्या एकमेकींना धरून असतात. कापड भिजले की पाणी या बंधांत शिरते आणि ते सुटतात. वाळताना पुन्हा जुळतात, आणि त्या वेळी कापड जसे पडलेले असेल तसेच ते पक्के होते. चोळामोळा होऊन वाळले तर चुरगळलेले, ताणून वाळले तर सपाट. म्हणजे सुरकुती घालवायला पाणी हवे आणि दाब हवा. उष्णता या दोघांचे काम झटपट उरकते.

आपल्याकडच्या जुन्या कारागिरांचा भरवसा पाण्यावर आणि दाबावर होता. धुतलेल्या, खळ दिलेल्या कापडाची घडी घालून ते मोगरीने एकसारखे कुटायचे, की धागे चपटे होऊन अंगाला अंग लावून बसतात आणि कापडावर तकाकी येते. हीच कुंदी. एखाद्याला बदडून काढले की 'त्याची कुंदी काढली' असे आपण आजही म्हणतो, पण हे काम करणाऱ्यांचा एके काळी वेगळा पेशा होता. एकोणिसाव्या शतकात जेम्स टेलर नावाच्या इंग्रज डॉक्टरने ढाक्याच्या मलमलीच्या धंद्याचे बारकाईने वर्णन लिहून ठेवले. त्यात धुलाईनंतरच्या कामांची वाटणी वाचताना थक्क व्हायला होते. धुताना सरकलेले धागे जागेवर आणणारे नुरदिया वेगळे, तुटलेला धागा सांधणारे रफूगर वेगळे, डाग काढणारे दाग-धोबी वेगळे, आणि मलमल शंखाने घोटून, तांदळाचे पाणी शिंपडत तिला चकाकी आणणारे कुंदीगर वेगळे. इस्त्रीवाल्यांचाही उल्लेख त्यात आहे. पण या रांगेत ते एक आहेत, मुख्य नाहीत.

निखाऱ्याने कापड सपाट करण्याची कला चीनमध्ये जुनी. बोस्टनच्या ललित कला संग्रहालयात बाराव्या शतकाच्या आरंभीचे एक रेशमी चित्र आहे. सम्राट ह्वेइझोंगच्या नावावर असलेली, जांग श्वान या थांग काळातल्या चित्रकाराच्या चित्राची ही नक्कल. राजवाड्यातल्या स्त्रिया नुकत्याच विणलेल्या रेशमावर काम करीत आहेत. एकीकडे चौघी जणी उंच मुसळांनी रेशीम कुटतात. दुसरीकडे दोघींनी पट्टा ताणून धरला आहे आणि एक जण निखाऱ्यांनी भरलेले, दांड्याचे पसरट भांडे त्यावरून फिरवते आहे. मोगरी आणि इस्त्री एकाच चित्रात.

ते भांडे मराठी घराला अनोळखी नाही. शाळेचा गणवेश नीट दिसावा म्हणून चुलीतले निखारे तांब्यात घालून तो तांब्या फडक्याने धरून सदऱ्यावरून फिरवायचा, ही युक्ती खेड्यापाड्यांतल्या कित्येक पिढ्यांनी केली आहे. गोल बुडाने पाठ सपाट व्हायची, पण कॉलरच्या टोकापर्यंत तो पोहोचायचा नाही. ज्या घरी निखारेही वेळेवर नसत तिथे विजार रात्रभर अंथरुणाखाली जायची.

तांब्याची ही अडचण फार काही सांगून जाते. धोतर, लुगडे, उपरणे, पटका ही सलग वस्त्रे. त्यांना ना खांदा, ना बाही. खळ द्यावी, दोघांनी दोन टोके धरून झटकावीत, ताणावे, घडी घालावी आणि वर वजन ठेवावे. परीटघडी म्हणतात ती एवढ्यावर साधते. शिवलेल्या कपड्याला मात्र वळणे असतात. कॉलर, कफ, बटणपट्टी, खिसा. तिथे शिरायला टोकदार नाकाचे, सपाट बुडाचे हत्यार लागते. युरोपात शिंप्यांच्या जोडीने घडत गेलेली त्रिकोणी इस्त्री याच कामासाठी आहे. इस्त्री हा शब्द पोर्तुगीज 'एस्तिरार'वरून, म्हणजे ताणणे या क्रियापदावरून आल्याचे मानतात. शब्द कुठूनही येवो, इस्त्रीला आपल्याकडे घर मिळाले ते शर्ट, कोट आणि गणवेश यांच्यामुळे, असे माझे मत आहे.

गावगाड्यात परीट हा बारा बलुतेदारांपैकी एक. वर्षभर गावाची धुणी धुवायची आणि सुगीला बलुत्याचे धान्य न्यायचे. लग्नात पायघड्या घालण्याचा मान त्याचा. या व्यवहारात इस्त्रीला वेगळे मोल नव्हते. ते मिळाले छावण्या, कचेऱ्या, न्यायालये आणि शाळा यांच्या शहरात, आणि तिथेच धुणारे आणि इस्त्री करणारे एकमेकांपासून सुटे झाले. मुंबईत महालक्ष्मीचा धोबीघाट १८९० साली उभा राहिला. तिथे आजही दगडावर आपटणारे हात वेगळे आणि टेबलाशी उभे राहणारे वेगळे. शेकडो घरांचे कपडे एकत्र येऊ लागले तेव्हा खूण पुन्हा गरजेची झाली, पण या वेळी ती गिऱ्हाइकाच्या कपड्यावर आली. बिब्ब्याच्या रसाने घातलेला तो काळा ठिपका किंवा आकडा कितीही धुतला तरी जात नाही. पोलिसांनीही अशा धोबीखुणांवरून माणसांची ओळख पटवली आहे.

इस्त्री येणे म्हणजे काय, हे सांगणारा एक प्रसंग गांधीजींच्या आत्मकथेत आहे आणि त्यात आपले दोन थोर पुरुष गुंतलेले आहेत. दक्षिण आफ्रिकेत धोब्याचा खर्च आणि दिरंगाई यांना कंटाळून गांधीजी पुस्तक वाचून स्वतःच धुऊ लागले. पहिल्या कॉलरला खळ जास्त झाली, इस्त्री पुरेशी तापली नव्हती, आणि कापड जळेल या भीतीने दाबही कमी पडला. न्यायालयात त्या कॉलरवरून खळ गळू लागली. पुढे ते सफाईदार झाले. १९१२ साली गोपाळ कृष्ण गोखले तिकडे गेले, तेव्हा जोहान्सबर्गच्या मेजवानीसाठी त्यांना एक उपरणे घालायचे होते. ते न्यायमूर्ती रानड्यांनी दिलेले. गोखले ते जिवापाड जपत आणि खास प्रसंगीच काढत. त्याला चुण्या पडल्या होत्या आणि धोब्याकडे पाठवायला वेळ नव्हता. गांधीजींनी काम मागून घेतले. त्यांच्या वकिलीवर गोखल्यांचा विश्वास होता, परिटाच्या हुन्नरावर नव्हता. उपरण्याला डाग पडला तर काय, ही धास्ती. शेवटी इस्त्री झाली, गोखल्यांना पसंत पडली आणि गांधीजींना त्या शिफारशीपुढे जगाच्या नापसंतीची पर्वा उरली नाही. पहिल्या कॉलरच्या वेळी त्यांचे जे तीन अंदाज चुकले, खळीचा, तापाचा आणि दाबाचा, त्या तिन्हींतच हा सारा हुन्नर आहे.

कोळशाची इस्त्री पाच-सहा किलोंची, लोखंडी किंवा पितळी. पितळेला गंज चढत नाही, म्हणून ती महाग आणि मानाची. लाकडी कोळसा पेटवून आत भरायचा, झाकण लावायचे, बाजूच्या भोकांतून वारा जावा म्हणून ती झुलवायची, आणि कपड्यावर टेकवण्याआधी बूड पुसून घ्यायचे, कारण राखेचा एक कण पांढऱ्या सदऱ्याचा घात करतो. तिला ना दिवा, ना आकडे. ओले बोट क्षणभर टेकवून आवाज ऐकायचा किंवा पाण्याचा थेंब टाकायचा. थेंब चर्र करून विरला तर एक ताप. न विरता मोत्यासारखा घरंगळू लागला तर बूड फार तापले आहे, रेशमाला लावता कामा नये. सुती कापडाला दोनशे अंशांच्या आसपासची उष्णता सोसते, पॉलिस्टर त्याच्या बरेच आधी चिकटू लागते. आज एकाच गाठोड्यात खादी, लिनन, टेरिकॉट आणि नायलॉनची ओढणी येते. इस्त्रीवाला बोटांनी कापड चाचपतो आणि गाठोड्याचा क्रम लावतो: इस्त्री ऐन तापलेली असते तेव्हा खादी आणि लिनन, निवत आली की बाकीचे. शर्टाची कॉलर टोकांकडून मध्याकडे, नाहीतर सारी चुणी टोकावर गोळा होते. काळ्या लोकरी पँटवर ओले फडके, नाहीतर कापड चकाकते. हे कुठल्या शाळेत शिकवत नाहीत.

विजेच्या इस्त्रीचे पेटंट न्यूयॉर्कच्या हेन्री सीलीने १८८२ साली घेतले, पण घराघरांत वीज पोहोचायला वेळ लागला. आपल्या घरांतही ती रुळून बरीच वर्षे झाली. तरीही जिन्याखाली किंवा हातगाडीवर धंदा करणाऱ्याकडे ना विजेचा मीटर, ना भारनियमनाच्या वेळी दुसरी सोय. शिवाय जड बूड ताप धरून ठेवते. म्हणून कोळसा टिकला. त्याची किंमत धुराच्या आणि धगीच्या रूपाने माणूस देतो, तासन्‌तास उभे राहून पायांच्या शिरा फुगतात ते वेगळेच. दर मात्र नगावर ठरतो. तामिळनाडूतल्या तिरुवण्णामलैच्या विनिशा उमाशंकर या शाळकरी मुलीने सौरऊर्जेवर चालणारी इस्त्रीची गाडी कल्पिली आणि २०२१ साली ती अर्थशॉट पुरस्काराच्या अंतिम यादीत आली, ग्लासगोच्या हवामान परिषदेत बोलली. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याचा प्रश्न इतक्या लांब गेला, याचा मला फार आनंद झाला.

सध्या शहरांत कोळशाची जागा गॅसची इस्त्री घेते आहे. नळी सिलिंडरला जोडायची, राख नाही, ताप खुंटीवर कमी-जास्त होतो. रेशमी साड्यांसाठी रोलप्रेसची दुकाने आहेत, तिथे साडी रुळांतून दाबून निघते. गॅसच्या इस्त्र्याही बनवणारे जडच बनवतात. हलकी असली तर दाब सगळा मनगटाने द्यावा लागेल आणि दिवसाला शंभर कपडे काढणाऱ्याला ते झेपणार नाही.