बांधाच्या बाहेर, बांधाच्या आत

"विकांताला कुठे होतास?"

"माहीमला."

"अरे, दादरपासून दुसरं स्टेशन! त्यात काय एवढं?"

हा संवाद आमच्या ऑफिसात दर दोन-तीन महिन्यांनी होतो, म्हणून आधीच सांगून टाकतो. हे माहीम वेगळं. पालघर स्टेशनला उतरायचं आणि समुद्राच्या दिशेने सात-आठ किलोमीटर जायचं. मुंबईच्या माहीमशी गोंधळ नको म्हणून लोक शेजारच्या केळव्याचं नाव जोडून 'केळवे-माहीम' म्हणतात. एकेकाळी अख्ख्या तालुक्याचं नाव माहीम होतं. मग रेल्वे आतून, पालघरवरून गेली आणि तालुक्याचं नावही तिकडेच गेलं. १७३९च्या जानेवारीत चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतलेल्या ठाण्यांमध्ये हे माहीम आहे. राजवाड्यांनी १९२४ साली छापलेली महिकावतीची बखर वाचताना 'यातलं माहीम नक्की कुठलं?' यावर घटकाभर भांडताही येतं. असो.

तर मित्राच्या काकांची इथे वाडी आहे. पानवेली, नारळ, थोडी केळी, आणि खाडीच्या बाजूला भाताचा एक तुकडा. रविवारी सकाळी चहा झाल्यावर काका म्हणाले, "चल, बांधावर जाऊन येऊ. परवा अमावस्या आहे, उधाणाच्या आधी एकदा बघितलेलं बरं." मी आपला चपला घालून निघालो. 'बांध' म्हणजे माझ्या डोक्यात शेताचा वीतभर उंचीचा बांध होता. समोर दिसला तो पुरुषभर उंचीचा मातीचा लांबलचक वरवंटा. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला शेत. आणि गंमत म्हणजे भरतीला खाडीचं पाणी शेतापेक्षा वर असतं! पावसाळ्यात पेपरात साडेचार मीटरच्या वरच्या भरत्यांची यादी येते ना, त्या यादीचा अर्थ मला त्या बांधावर उभं राहून कळला.

बांधाच्या खाडीकडच्या अंगाला तिवरांची दाट रांग होती. पुढे शंभरेक पावलांवर रांग संपली आणि तिथून बांधाला दगड लावलेले होते. दगड नवे होते, पण पायथ्याची माती निघून गेल्यामुळे खालची ओळ लोंबकळत होती. तिवरांच्या मागचा बांध मात्र जुना, गवत उगवलेला, जिथल्या तिथे.

काकांनी एका वाक्यात विषय संपवला. "ही तिवरं बाहेर आहेत म्हणून बांध आहे. हीच आत आली की समज, शेत गेलं."

हे वाक्य डोक्यात घेऊन मी परत आलो आणि पुढचे दोन विकांत वाचनात घालवले. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडतोय. चूभूद्याघ्या.

आधी यंत्रणा. तिवराची श्वासमुळं चिखलातून पेन्सिली उभ्या केल्यासारखी वर येतात. भरतीचं पाणी या जंगलात शिरलं की त्याचा वेग मरतो, आणि वेग मेला की त्यातला गाळ खाली बसतो. म्हणजे बांधासमोरची जमीन दर भरतीला थोडी थोडी वर येते आणि लाट बांधापर्यंत पोचेतो दमलेली असते. दगडी भिंतीचं उलट. लाट भिंतीवर आपटते, तेवढ्याच जोराने मागे वळते आणि जाताना पायथा खरवडून नेते. शिवाय भिंत जिथे संपते तिथे पाणी वळसा घालून मागची माती काढायला लागतं. भिंत पहिल्या दिवशी सगळ्यात मजबूत असते, मग दर वर्षी थोडी कमी. झाडाचं पहिलं वर्ष कच्चं असतं, आणि तिथून पुढे चढती कमान.

हे ज्ञान काही कोकणाचीच मक्तेदारी नव्हे. हॉलंडमध्ये वाळुंजाच्या फांद्यांच्या जुड्या बांधून, त्यांच्या चटया विणून, वर दगड टाकून त्या नदीच्या तळाशी बुडवायची शतकानुशतकांची रीत आहे. १८७३ साली योहानिस द रेक नावाचा डच माणूस जपानला गेला, तीस वर्षं राहिला आणि तिथल्या नद्यांच्या काठांना त्याने हेच तंत्र वापरलं. फ्रान्सच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर ब्रेमोंतिए या इंजिनिअरने अठराव्या शतकाच्या अखेरीस सरकणाऱ्या वाळूच्या टेकड्यांवर पाइन लावले. त्याच कल्पनेचा आपल्याकडचा अवतार म्हणजे सुरू. मूळचा इथला नाही. कारवारच्या किनाऱ्यावर १८६०च्या दशकात आणला गेला आणि हळूहळू सगळ्या कोकणपट्टीवर पसरला. केळव्याची सुरूची बाग तुमच्यापैकी निम्म्यांच्या तरी फोटोंमध्ये असेल. माझं मत विचाराल तर सुरू वाऱ्याला आणि उडणाऱ्या वाळूला ठीक, लाटेला नाही. त्याच्या काड्यांच्या थराखाली दुसरं फारसं काही उगवत नाही, आणि लाटेने खालची वाळू काढली की अख्खं झाड मुळांसकट आडवं होतं. पुळणीवर खरं काम करते ती मर्यादवेल. जांभळी फुलं, आपट्यासारखी दुभंगलेली पानं. नावातच काम सांगितलेलं आहे, आणि आपण तिच्यावर शेव-पुरीची गाडी लावतो.

नदीकाठासाठी आपल्याकडचा हुकमी एक्का म्हणजे वाळा. हो, तोच, माठातला आणि सरबतातला. त्याची मुळं आडवी न पसरता सरळ खाली तीन-चार मीटर जातात. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या दिल्ली कार्यालयातल्या ग्रिमशॉ आणि ग्रीनफील्ड या दोघांनी जमिनीची धूप थांबवायला वाळ्याचा प्रचार सुरू केला. मग त्यांना कळलं की म्हैसूरजवळच्या गुंडलुपेटचे शेतकरी हे गवत कधीपासूनच शेताच्या हद्दीवर लावत आलेत. तिथून हे गवत जगभर रस्त्यांच्या उतारांवर आणि नद्यांच्या काठांवर गेलं. पण वाळ्याला रोज दोनदा खारं पाणी पाजाल तर तो टिकायचा नाही. तिथे तिवर, कांदळ, चिपीच हवी.

आता मुख्य मुद्दा. एवढं सगळं वाचून माझी पहिली प्रतिक्रिया टिपिकल इंजिनिअरची होती: 'वा! म्हणजे झाडं लावली की प्रश्न सुटला.' पण खाजणाचा इतिहास वाचायला घेतला आणि ती हवा गेली.

१८८२च्या ठाणे गॅझेटियरमध्ये भातजमिनींची गोडी आणि खारी अशी वेगळी वर्गवारी आहे. खारी म्हणजे खाडीकडून बांध घालून मिळवलेली. बांध कशाचा? खाडीतल्याच चिकट चिखलाच्या ढेपांचा, मध्ये पेंढा, पाण्याच्या अंगाला दगड. पावसाचं पाणी बाहेर सोडायला उघाडी, म्हणजे ओहोटीला उघडणारी आणि भरतीला आपोआप मिटणारी झडप. आणि बाहेर तिवरं. पहिली काही वर्षं पावसाने मीठ धुऊन जाण्याची वाट बघायची, मग खाऱ्या जमिनीत तग धरणारं लाल तांदळाचं भात टाकायचं. हे सगळं इतकं साधं आहे की यात 'टेक्नॉलॉजी' कुठे, असं वाटावं.

ती होती देखभालीच्या करारात. चिखलाच्या बांधाला खेकडे भोकं पाडतात. एका भोकातून पाणी झिरपायला लागलं की उधाणाला तिथे वाट पडते. तिला म्हणतात खांड. खांड पडली की दिवसातून दोनदा समुद्र शेतात येतो, आणि पुढच्या उधाणाच्या आत ती बुजवली नाही तर ती रुंदच होत जाते. म्हणजे हातात असतात जेमतेम पंधरा दिवस, त्यातही भांगाच्या भरतीचे मोजके. अशा वेळी टेंडर काढून चालत नाही. माणसं लागतात, तीही ताबडतोब.

ही माणसं कुठून यायची याची उत्तरं ठिकठिकाणी वेगळी होती. पेणच्या बाजूला पेशवाईत शिलोत्री पद्धत होती. शिलोत्रदाराने बाहेरचा बांध घालायचा आणि राखायचा, आणि त्या बदल्यात शेतकऱ्यांकडून भाताच्या रूपाने वेगळी वसुली करायची. आपल्या भाषेत एएमसी! अलिबाग-पेणच्या खारेपाटात गावकऱ्यांचीच जोळ असायची: बांधाच्या कामाला घरटी माणूस. गोव्यात हे काम गावकरीकडे होतं. पोर्तुगीजांनी १५२६ साली गावकरीचे जे रीतिरिवाज लिहून काढले, ते त्यांच्या आधीपासून चालत आलेले होते.

याला रोमँटिक रंग द्यायची माझी इच्छा नाही. याच खारेपाटात १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली खोतांविरुद्ध संप केला, शेतं पडीक ठेवली. बांध राखणाऱ्या व्यवस्थेत कुणाची पाठ मोडत होती, हे त्यातून दिसतं. ती व्यवस्था जायलाच हवी होती.

पण गेली तेव्हा काय झालं? १९४८ साल. एका बाजूला कूळकायदा आला आणि जमीन कसणाऱ्याची व्हायला सुरुवात झाली. त्याच वर्षी मुंबई राज्याचा खार जमीन कायदा आला आणि बांधाची जबाबदारी सरकारच्या अंगावर यायला लागली. १९७९च्या महाराष्ट्राच्या कायद्याने ती आणखी पक्की झाली. गोव्यात १९६४च्या कूळकायद्यानंतर बांध गावकरीकडून कुळांच्या संघटनांकडे गेले. तिथे वेगळीच मेख निघाली: उघाडीपाशी, म्हणजे तिकडच्या 'मानशी'पाशी, मासे मिळतात आणि त्या मासेमारीचा लिलाव होतो. भातापेक्षा माशाचा पैसा जास्त झाला की झडप उघडी राहिलेली काहींना सोयीचीच. हेतू दोन्हीकडे चांगला होता. पण आधी जमीन, बांध आणि बांधावर धावत जाणारी माणसं हा एकच व्यवहार होता. त्याचे आता तीन झाले.

चौथा झाला २००५ साली. मुंबईत २६ जुलैला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, ते तुम्हाला सांगायला नको. त्यानंतर मिठी नदी रुंद आणि खोल करून तिच्या दोन्ही काठांना काँक्रीटच्या भिंती घातल्या गेल्या. (ही मिठी समुद्राला मिळते ती त्या दुसऱ्या माहीमला. दोन्ही माहीमचा असाही संबंध!) त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभरातली तिवरं तोडायला बंदी घातली. जमीन कुणाचीही असो, तिवराला हात लावायचा नाही. २०१२ साली कांदळवन कक्ष झाला, २०१८च्या निकालाने संरक्षण आणखी घट्ट झालं, आणि २०२० साली पांढरी चिपी राज्याचा कांदळवन वृक्ष झाली. हा आदेश नसता तर मुंबईच्या खाड्यांची काय दशा झाली असती याची कल्पना करवत नाही. मी पूर्णपणे त्या बाजूचा आहे.

आणि तरीही काकांचं वाक्य आठवतं. खांड पडली, बुजवायला कुणी आलं नाही. खारं पाणी दोन-तीन वर्षं शेतात येत राहिलं. पाण्याबरोबर तिवराचं बी आलं, रुजलं. आता ते कायद्याने संरक्षित जंगल. सातबारा शेतकऱ्याच्या नावावर, पण भात लावायला जागा नाही, आणि बांध दुरुस्त करायचा तर तिवरांमधून जावं लागणार, म्हणजे परवानगी आली. रायगडच्या खारेपाटात हे मोठ्या प्रमाणावर झालं आहे. एक कायदा बांध वाचवतो, दुसरा झाड. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, पण 'बाहेर झाड, मध्ये बांध, आत भात' ही अख्खी रचना कुठल्याच फायलीत नाही. दोन टीमनी आपापले मॉड्यूल चोख लिहिलेत आणि बिल्ड मात्र मोडलेलं, हा प्रकार आपल्या धंद्यात रोजचा आहे. फरक इतकाच की इथे रोलबॅक नाही.

परतताना काकांनी मध्येच थांबून बांधावरचं एक खेकड्याचं भोक टाचेने दाबून बुजवलं. मग वर ढेकूळ ठेवून पुन्हा दाबलं.

मी विचारलं, "काका, खांड पडली तर आता कोण येतं?"

"पूर्वी हाक मारली की तीस-चाळीस माणसं जमायची. आता पोरं सगळी बोईसरला, तारापूरच्या एमआयडीसीत. शिफ्ट सोडून येणार कोण? आणि आला तरी ढेप कापता यायला हवी ना. फावडं मारायचं म्हणजे नुसतं फावडं मारायचं नसतं." थोडं थांबून म्हणाले, "तू येतोस का पुढच्या उधाणाला? शिकवतो."

येतो म्हणालो खरा. घरी येऊन कॅलेंडर बघितलं तर पुढची अमावस्या बुधवारी. रजा टाकली आहे. मॅनेजरने कारण विचारलंय, अजून उत्तर दिलेलं नाही.