विमान-देखभालीतील मानवी चूक

विमान-देखभालीतील मानवी चूक : विमानाची तपासणी, दुरुस्ती किंवा सुट्या भागांची अदलाबदल करताना माणसाच्या हातून राहून गेलेली किंवा भलतीच झालेली गोष्ट, जिच्यामुळे पुढे उड्डाणाला धोका निर्माण होतो. भाग झिजून, गंजून वा तडकून निकामी होणे वेगळे. इथे भाग बहुधा धडधाकट असतो, पण तो चुकीचा, अर्धवट बसवलेला असतो किंवा बसवायचाच राहिलेला असतो. वैमानिकाची चूक सहसा त्याच उड्डाणात उघडी पडते. देखभालीतली चूक दबून राहते आणि ती करणारा ड्यूटी संपवून घरी झोपलेला असताना वर येते. जपान एअरलाइन्सच्या १२३ क्रमांकाच्या उड्डाणात हा दबलेला काळ सात वर्षांचा होता. १९७८ मध्ये ओसाका येथे शेपूट धावपट्टीला घासलेल्या या बोइंग ७४७ च्या मागच्या दाबभिंतीची दुरुस्ती करताना सलग एकच जोडपट्टी बसवायची होती. ती दोन तुकड्यांत बसवली गेली. दोन रांगांच्या रिव्हेटांनी पेलायचा भार एका रांगेवर आला. १२ ऑगस्ट १९८५ रोजी ती भिंत फाटली आणि ५२० माणसे मृत्युमुखी पडली. विमानात बसलेल्यांपैकी चौघेच वाचले.

देखभालीतल्या चुका खोलताना कमी आणि परत बसवताना जास्त होतात. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी याचे कारण एका साध्या उदाहरणाने दाखवले. एका बोल्टवर क्रमाने चढवलेले आठ नट आहेत असे समजा. ते काढण्याचा मार्ग एकच. परत चढवायचे म्हटले तर ४०,३२० क्रम शक्य होतात आणि त्यांतला एकच बरोबर असतो. एखादा नट विसरण्याची शक्यता यात धरलेलीच नाही. खोललेला भाग समोर दिसत असतो आणि पुढची पायरी आपोआप सुचवतो. जोडून झालेला भाग मात्र आत काय राहिले ते दाखवत नाही. वरून झाकण बसले की सगळे सारखेच दिसते.

या विषयाच्या अभ्यासात ब्रिटिश एअरवेजच्या ५३९० क्रमांकाच्या उड्डाणाचे स्थान मोठे आहे. १० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून स्पेनमधील मालागाला निघालेल्या बीएसी वन-इलेव्हन विमानाची कॅप्टनच्या बाजूची काच सुमारे १७,३०० फुटांवर निखळून उडाली. कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर खेचला गेला. केबिन कर्मचाऱ्यांनी त्याचे पाय धरून ठेवले आणि सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरवले. विमानातले सर्व ८७ जण बचावले, कॅप्टनसुद्धा. ती काच उड्डाणाच्या २७ तास आधी, रात्रपाळीत बदललेली होती. ९० पैकी ८४ बोल्ट व्यासाने ०.०२६ इंच बारीक निघाले. उरलेले सहा जाडीला बरोबर, पण लांबीला कमी होते.

सुमारे ०.६६ मिलिमीटरचा हा फरक. तो कसा पडला याची साखळी बारकाईने पाहण्यासारखी आहे, कारण तिच्यातली एकही कडी बेफिकीर माणसाची वाटत नाही. पाळीत माणसे कमी होती म्हणून पाळीप्रमुखाने काम स्वतः अंगावर घेतले. काढलेले जुने बोल्ट मुळातच नेमून दिलेल्या मापाहून आखूड होते. तसलेच घ्यावेत असे त्याने ठरवले. स्टोअरकीपरने योग्य बोल्टचा क्रमांक सांगितलाही, पण ‘आतापर्यंत हेच तर होते’ हा विचार वरचढ ठरला. स्टोअरमध्ये त्या मापाचे पुरेसे बोल्ट नव्हते. मग विमानतळावरच्या दुसऱ्या, कुणाच्या देखरेखीत नसलेल्या साठ्याकडे जाऊन अंधूक उजेडात जुना बोल्ट शेजारी धरून नवे निवडले गेले. वाचायचा चष्मा त्याने लावला नव्हता. काम करायचा मंच नीट लागलेला नसल्यामुळे विमानाच्या नाकावरून ताणून हात पोहोचवावा लागत होता. त्यामुळे बोल्टची डोकी खाचेत जरुरीपेक्षा खोल गेलेली दिसली नाहीत. काच बदलणे हे ‘दुसऱ्याने तपासायलाच हवे’ अशा कामांच्या यादीत नव्हते. त्यात त्या विमानाची काच बाहेरून बसवायची होती, म्हणजे केबिनमधला हवेचा दाब तिला बाहेर ढकलत असे आणि सगळा ताण बोल्टांवर येत असे. काच आतून बसणारी असती तर दाबाने ती चौकटीवर आवळली गेली असती. सतरा गोष्टी एका रात्रीत जुळून आल्या. त्या रात्री स्टोअरचा खण भरलेला असता तरी चित्र पालटले असते.

पाळी बदलताना तोंडी किंवा लेखी दिला जाणारा निरोप, म्हणजे हँगरच्या भाषेत हँडओव्हर, ही दुसरी कच्ची जागा. ११ सप्टेंबर १९९१ रोजी टेक्सासमधील ईगल लेकजवळ काँटिनेंटल एक्स्प्रेसचे एम्ब्रेअर १२० विमान हवेतच मोडले आणि त्यातले १४ जण ठार झाले. आदल्या रात्री शेपटीच्या आडव्या पंखाच्या पुढच्या कडेवरील बर्फरोधक पट्टी बदलायचे काम निघाले होते. एका पाळीने डाव्या बाजूचे वरचे ४७ स्क्रू काढले आणि पाळी संपली. पुढच्या पाळीने उजव्या बाजूचे काम पुरे केले. डाव्या बाजूचे स्क्रू काढलेले आहेत हे त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नाही. या विमानाची शेपूट इंग्रजी टी अक्षरासारखी, आडवा पंख अगदी वर. खाली उभे राहून त्याचा वरचा पृष्ठभाग दिसत नाही. सकाळचे पहिले उड्डाण सुखरूप झाले, परतीच्या उड्डाणात ती कड उखडली. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाचे सदस्य जॉन लॉबर यांनी अहवालाला वेगळे मत जोडून कंपनीच्या वरिष्ठ व्यवस्थापनाने घडवलेल्या, किंवा न घडवलेल्या, कार्यसंस्कृतीकडे बोट दाखवले. प्रस्तुत लेखकाला हे मत त्या अहवालाचा सर्वांत मोलाचा भाग वाटते. स्क्रू काढणारा हात शोधणे सोपे असते. निरोप लिहायला वेळ आणि जागा न देणारी व्यवस्था शोधायला धैर्य लागते.

सवयीच्या कामात धोका वेगळ्या वाटेने शिरतो. ५ मे १९८३ रोजी मायामीहून नासाऊला निघालेल्या ईस्टर्न एअरलाइन्सच्या तीन इंजिनांच्या विमानाला तिन्ही इंजिनांतले तेल गळाल्यामुळे समुद्रावरून कसेबसे परतावे लागले. तेलातले धातूचे कण पकडणारे चुंबकी शोधक बदलताना त्यांवरच्या रबरी ओ-रिंगा बसवल्याच नव्हत्या. एरवी हे शोधक मेकॅनिकांच्या हाती रिंगा चढवूनच पडत. त्या रात्री मिळालेल्यांवर त्या नव्हत्या आणि कागदावर सही मात्र नेहमीसारखी झाली. दीर्घ सागरी मार्गांवरील दोन इंजिनांच्या विमानांत तेच काम एकाच माणसाने एकाच खेपेत दोन्ही इंजिनांवर करू नये, हा दंडक अशाच अनुभवांतून आला.

देखभाल करणारे आणि विमान चालवणारे यांच्यामधली फट सर्वांत घातक. २ ऑक्टोबर १९९६ रोजी लिमाहून निघालेले एरोपेरूचे बोइंग ७५७ समुद्रात कोसळून ७० जण ठार झाले. विमान धुताना हवेचा स्थिर दाब मोजणाऱ्या छिद्रांवर लावलेली चिकटपट्टी काढायची राहिली होती. उंची आणि वेग दाखवणारी उपकरणे त्या छिद्रांवरच अवलंबून असतात, त्यामुळे रात्रीच्या काळोखात वैमानिकांना खरे काय तेच कळेना. उड्डाणापूर्वी विमानाभोवती फेरी मारून केलेल्या पाहणीतही चंदेरी पत्र्यावरची चंदेरी पट्टी नजरेतून सुटली. १४ ऑगस्ट २००५ च्या हेलिओस एअरवेजच्या अपघातात पहाटेच्या चाचणीनंतर केबिनच्या दाबाचे बटण ‘मॅन्युअल’वरच राहिले. वैमानिकांच्या तीन वेगवेगळ्या तपासण्यांत ते निसटले, विमान चढत गेले आणि विरळ हवेत जवळजवळ सारे बेशुद्ध झाले. १२१ जण दगावले. अभियंत्याने बटण पूर्वस्थितीत ठेवायला हवे होते, हे खरे. पण वैमानिकांची चेकलिस्ट असते ती याचसाठी. एरोपेरूसारखे पुन्हा घडू नये म्हणून विमानावर झाकणासाठी लावलेली प्रत्येक गोष्ट भडक रंगाची असावी, तिला लोंबती लाल फीत असावी आणि लॉगबुकात तिची नोंद असावी, असा आग्रह धरला जातो.

चुकीला पोषक अशी परिस्थिती ओळखता यावी म्हणून कॅनडाच्या परिवहन खात्यातील गॉर्डन ड्युपॉन्ट यांनी १९९३ मध्ये बारा कारणांची यादी तयार केली. थकवा, घाई, लक्ष विचलित होणे, अपुरे ज्ञान, साधनांची चणचण, ‘आपल्याकडे असंच करतात’ ही रूढी, आणि समोरचा चुकतोय हे दिसत असूनही गप्प बसणे ही त्यांपैकी काही. जगभरच्या हँगरांत ही यादी भिंतीवर लावलेली आढळते. त्यांतला थकवा विशेष, कारण विमान दिवसभर उडते आणि देखभाल रात्री होते. पहाटे तीन ते पाचच्या सुमारास शरीराचे तापमान आणि सावधपणा दोन्ही तळाला जातात. नेमक्या त्याच वेळी पहिल्या उड्डाणासाठी विमान मोकळे करण्याची निकड असते.

यावरचे उपाय दिसायला साधे आहेत. हत्यारांच्या फळीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली असते. पाळी संपताना एक आकृती उघडी दिसली तर विमान सोडत नाहीत, पाना सापडेपर्यंत शोध चालतो. उड्डाणनियंत्रणासारख्या नाजूक यंत्रणेवरचे काम दुसऱ्या, त्या कामात हात नसलेल्या अधिकृत माणसाने स्वतंत्रपणे तपासायचे असते. मध्येच फोन आला तर परतल्यावर तीन पायऱ्या मागे जाऊन पुन्हा सुरुवात करावी, असे प्रशिक्षणात शिकवतात. धावपट्टीवर पडलेला तुकडाही याच शिस्तीत येतो. २५ जुलै २००० रोजी पॅरिसजवळ कोसळलेल्या काँकॉर्डचा टायर ज्या टायटॅनियम पट्टीने फाडला, ती आधी उडालेल्या दुसऱ्या कंपनीच्या विमानातून गळून पडली होती आणि ती नियमाप्रमाणे बनवलेली वा बसवलेली नव्हती. त्या अपघातात ११३ जण मेले.

भारतात हे काम नागरी विमानवाहतूक महासंचालनालयाचा परवाना असलेले एएमई, म्हणजे विमान-देखभाल अभियंते, पाहतात. वैमानिकाने लॉगबुकात लिहिलेल्या बिघाडाला हँगरमध्ये ‘स्नॅग’ म्हणतात. तो दूर केल्याची सही एएमईची असते आणि त्या सहीशिवाय विमान उडू शकत नाही. महाराष्ट्रात मुंबई विमानतळावरील हँगर आणि नागपूरच्या मिहानमधील दुरुस्ती केंद्र इथे हे काम चालते. लष्करी विमानांची मोठी दुरुस्ती नाशिकजवळ ओझरला होते. चूक कबूल करणाऱ्याला शिक्षेची भीती राहू नये, हेतुपुरस्सर बेपर्वाई तेवढी वेगळी काढावी, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय पातळीवर मान्य आहे. अमेरिकेत नासाने १९७६ पासून गोपनीय सुरक्षा-निवेदनांची योजना चालवली आहे. प्रत्यक्ष हँगरमध्ये मात्र ‘पाना हरवला’ हे सांगणाऱ्या तरुण मेकॅनिकशी त्याचा वरिष्ठ कसा बोलतो, यावर हे तत्त्व तरते किंवा बुडते.

देखभाल करणाऱ्याचा स्वतःचा जीवही याच शिस्तीवर अवलंबून असतो. १६ डिसेंबर २०१५ रोजी मुंबई विमानतळावर विमान मागे ढकलले जात असताना एक देखभाल कर्मचारी इंजिनात ओढला जाऊन मरण पावला. चालू इंजिन समोरून हवा इतक्या जोराने खेचते की काही मीटरवर उभा असलेला माणूसही त्या ओढीत सापडतो. गोंगाटात ओरडून काही कळत नाही, म्हणून वैमानिक आणि खाली उभा असलेला माणूस हेडसेटवर आणि ठरलेल्या खुणांनी बोलतात. ढकलणे संपले की नाकाच्या चाकाला लावलेली पिन काढली जाते. मग तो माणूस बाजूला, कॉकपिटमधून दिसेल अशा जागी जाऊन उभा राहतो आणि लाल फितीची ती पिन उंच धरून दाखवतो. वैमानिक हात हलवून ती पाहिल्याचे कळवतो. त्यानंतरच विमान स्वतःच्या बळावर पुढे सरकते.