चिकित्सालयीन चाचण्या, कर्करोगावरील

नवे औषध, शस्त्रक्रियेची पद्धत, किरणोपचार किंवा रोगनिदानाची तपासणी माणसांवर आखीव रीतीने वापरून तिचा गुण व धोके ठरविणारे संशोधन. रुग्णालयांत याला सर्रास ‘ट्रायल’ म्हणतात. औषधांच्या बाबतीत चार टप्पे मानतात : पहिल्यात सोसवेल अशी मात्रा, दुसऱ्यात गुणाचा अंदाज, तिसऱ्यात प्रचलित उपचाराशी तुलना आणि चौथ्यात औषध बाजारात आल्यानंतरची पाहणी. पहिला टप्पा एरवी बहुधा निरोगी स्वयंसेवकांवर होतो. कर्करोगाची अनेक औषधे मुळातच विषारी असल्याने तो रुग्णांवरच करतात. तुलनेच्या चाचणीत कोणाच्या वाट्याला कोणता उपचार यावा हे डॉक्टर ठरवीत नाही, रुग्णही नाही. निवड यादृच्छिक असते. 1948 साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेली क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी ही या पद्धतीची आद्य चाचणी समजली जाते.

भारतातील कर्करोग-चाचण्यांत मुंबईच्या टाटा स्मारक केंद्राचे काम ठळक आहे, आणि त्यातही शस्त्रक्रियेविषयीचे. तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग येथे विपुल. रोग सुरुवातीच्या अवस्थेत असून मानेत गाठ हाताला लागत नसेल, तर मानेतील लसीका ग्रंथी त्याच शस्त्रक्रियेत काढाव्यात, की गाठ दिसेपर्यंत थांबावे, हा शल्यविशारदांमधील अनेक दशकांचा वाद होता. ग्रंथी काढल्याने खांद्याची हालचाल दुखावू शकते, आणि बऱ्याच रुग्णांत त्या निरोगीच निघतात. अनिल डिक्रूझ व सहकाऱ्यांनी 2004 ते 2014 या काळात याची चाचणी घेतली. पहिल्या 500 रुग्णांचे विश्लेषण झाले तेव्हा तीन वर्षांनंतर हयात असलेल्यांचे प्रमाण लगेच ग्रंथी काढलेल्या गटात 80 टक्के, तर थांबलेल्या गटात 67.5 टक्के आढळले. निष्कर्ष 2015 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आले. कोणत्याही नव्या औषधाविना एवढा फरक क्वचितच पाहायला मिळतो.

राजेंद्र बडवे व सहकाऱ्यांनी 1,600 स्त्रियांवर घेतलेली स्तनकर्करोगाची चाचणी (2023) याच धाटणीची. शस्त्रक्रियेपूर्वी 7 ते 10 मिनिटे गाठीच्या सर्व बाजूंनी 0.5 टक्के लिडोकेन, म्हणजे बधिर करण्याचे नेहमीचे स्वस्त औषध, टोचण्यात आले. पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण हे औषध न टोचलेल्या गटात 86.4, तर टोचलेल्या गटात 90.1 टक्के आढळले.

गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी सौम्य ॲसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी करावयाच्या तपासणीची चाचणी मुंबईच्या वस्त्यांत 1998 पासून सुमारे दीड लाख स्त्रियांवर झाली. तपासणी झालेल्या गटात या रोगाने होणारे मृत्यू 31 टक्क्यांनी घटले. तुलनेच्या गटाला तपासणी न देण्याच्या नैतिकतेवर आक्षेप घेतले गेले. त्यावर मतभेद आहेत.

इतर गंभीर आजार : क्षयरुग्णांना घरी दिलेला औषधोपचार आरोग्यधामातील उपचाराइतकाच गुणकारी ठरतो, हे मद्रासमधील चाचणीने 1959 मध्ये दाखविले.

कायदा : नव्या औषधांच्या चाचण्यांना ‘नवी औषधे व चिकित्सालयीन चाचणी नियम, 2019’ लागू आहेत. नैतिकता समितीची मान्यता व रुग्णाची माहितीपूर्वक संमती आवश्यक असते. चाचणीमुळे इजा झाल्यास भरपाईची तरतूद आहे. रुग्ण केव्हाही माघार घेऊ शकतो. भारतीय चाचणी नोंदवही 2007 मध्ये सुरू झाली. तिच्यातील नोंदी संकेतस्थळावर कोणालाही विनामूल्य पाहता येतात.